पहिली ट्रायथलॉन : आधी पाणी, मग खरेदी

प्रश्न : माझे वय ३९ आहे. गेली दोन वर्षे मी आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर धावते. शाळा-कॉलेजात सायकल भरपूर चालवली. आता घरात एक साधी गिअरची सायकल धूळ खात पडून आहे. पोहता येते, पण २५ मीटरच्या तलावाची एक लांबी पार केली की धाप लागते आणि कठडा धरून थांबावे लागते. चार महिन्यांनी होणाऱ्या एका स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये नाव नोंदवायचे मनात आहे. त्यात पोहणे खुल्या पाण्यात, म्हणजे तलावाबाहेर नदी-समुद्रासारख्या पाण्यात आहे. धावण्याच्या ग्रुपमधली मंडळी म्हणतात की आधी कार्बनची रोड बाइक, पेडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट, थंड पाण्यात घालायचा रबरी वेटसूट आणि चांगले घड्याळ घे, सरावाचे मग बघू. ती यादी पाहूनच छाती दडपते. काय घ्यावे, काय टाळावे आणि नोकरी-घर सांभाळून सराव कसा करावा?

उत्तर : तुमच्या मंडळींचा हेतू चांगला आहे, परंतु त्यांची यादी चुकीच्या टोकापासून सुरू होते. स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे सर्वसाधारणपणे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. शेवटचा टप्पा तुम्ही आजही पूर्ण करू शकता. मधला टप्पा साध्या सायकलवरही तासाभराच्या आसपास पार पडतो. पहिला टप्पा मात्र आजच्या घडीला तुमच्या आवाक्याबाहेर आहे. कार्बनची सायकल तुमची काही मिनिटे वाचवील. पण पाण्यातच दम संपला तर त्या सायकलपर्यंत तुम्ही पोहोचणारच नाही. म्हणून या चार महिन्यांतला वेळ आणि पैसा यांचा पहिला वाटा पोहण्याला द्या. सामानापैकी नियमाने सक्तीचे आणि अंगाला थेट लागणारे तेवढेच घ्या. उरलेल्या खरेदीचा विचार पहिली स्पर्धा पार पडल्यावर करा.

ट्रायथलॉन या नावाने पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथे धावपटूंच्या एका क्लबने भरवली, तेव्हा या खेळासाठी म्हणून बनवलेली एकही वस्तू बाजारात नव्हती. लोक आपापल्या सायकली घेऊन आले आणि शर्यत पूर्ण करून गेले. आजही पहिल्या स्पर्धेसाठी त्याहून फार जास्त लागत नाही.

आता तुमच्या धापेविषयी, कारण सगळा प्रश्न तिथेच अडला आहे. जी व्यक्ती सहा किलोमीटर सलग धावते, तिचे हृदय आणि फुप्फुसे २५ मीटर पोहण्याने थकण्यासारखी नसतात. अशा वेळी बहुतेकदा दोष श्वास सोडण्यात असतो. नवशिके पोहणारे चेहरा पाण्यात असताना श्वास रोखून धरतात; मग तोंड बाहेर आले की त्या निमिषभरात आधी साठलेला श्वास सोडायचा आणि नवा घ्यायचा, ही दोन्ही कामे उरकावी लागतात. दोन्ही अर्धवट होतात, शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि हवा कमी पडत असल्याची भावना त्या साठ्यामुळेच प्रामुख्याने निर्माण होते. त्यातून घाबरून डोके वर उचलले जाते, डोके वर गेले की कंबर खाली जाते, कंबर बुडू नये म्हणून पाय जोरजोरात मारले जातात, आणि मांड्यांचे मोठे स्नायू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. हे चक्र तोडण्याची सुरुवात श्वासापासूनच करावी लागते.

पहिले काही दिवस अंतराचा विचारच सोडून द्या. उथळ भागात कठडा धरून उभ्या राहा, चेहरा पाण्यात घाला आणि नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहा. फुंकर मारल्यासारखे जोरात सोडू नका, सावकाश आणि सलग सोडा. मग मान वर न उचलता फक्त बाजूला वळवा, इतकीच की गॉगलची एक काच पाण्यात राहील आणि दुसरी बाहेर येईल. तोंड बाहेर आले तेव्हा सोडण्यासारखे काही उरलेले नसेल, तर नवा श्वास आपोआप आत येतो. हे अंगवळणी पडले की २५ मीटर मुद्दाम हळू पोहा, पाय नावापुरते हलवा, कठड्याशी पाच-सहा शांत श्वास घ्या आणि पुन्हा निघा. अशा आठ लांब्या आरामात झाल्या की विश्रांती कमी करत जा, त्यानंतर ५० मीटरचे तुकडे, मग १०० मीटरचे. ज्या दिवशी ही लय सापडते, त्या दिवसापासून अंतर पुष्कळदा झपाट्याने वाढते, कारण दम तुमच्याकडे आधीपासूनच असतो.

हे सगळे एकटीने जमवण्यापेक्षा प्रौढांना शिकवण्याचा अनुभव असलेल्या एखाद्या प्रशिक्षकाचे महिना-दोन महिन्यांचे वर्ग लावा. स्वतःचे डोके पाण्यात किती वर येते हे स्वतःला दिसत नाही. काठावरच्या माणसाला ते पहिल्या लांबीतच दिसते. घड्याळासाठी बाजूला काढलेले पैसे इथे खर्च करा, असे मी आग्रहाने सांगेन. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी तलावात कठडा न धरता, कितीही हळू का होईना, ८०० ते १००० मीटर पोहता यावे, हे उद्दिष्ट ठेवा. स्पर्धेच्या अंतराहून ते जास्त आहे, कारण खुल्या पाण्यात कोणीच सरळ रेषेत पोहत नाही आणि घबराटीतही शक्ती जाते.

खुले पाणी ही तलावापेक्षा निराळी गोष्ट आहे. तळाशी काळी रेषा नसते, धरायला कठडा नसतो, हात पुढे टाकला की तो गढूळ पाण्यात दिसेनासा होतो, आणि आजूबाजूला इतरांचे हातपाय लागतात. पाणी थंड असेल तर अंगाला लागताच श्वास जलद आणि उथळ होतो. ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे, ती एक-दोन मिनिटांत ओसरते, आणि ती ओसरेपर्यंत जोर न लावणे एवढेच आपल्या हातात असते. परवानगी असेल तर सुरुवातीपूर्वी पाण्यात उतरून चेहरा भिजवा आणि थोडे बुडबुडे सोडा. दिशा पाहण्यासाठी दर सहा-आठ हातांनंतर डोळे पाण्याच्या जेमतेम वर आणून मार्ग दाखवणारा पुढचा तरंगता बॉय बघायचा आणि लगेच चेहरा पुन्हा पाण्यात घालून बाजूला श्वास घ्यायचा, ही युक्ती तलावातच घोटून ठेवा. स्पर्धेत पाण्यात उतरताना घोळक्याच्या मागे आणि कडेला थांबा. पुढचे लोक निघून जाईपर्यंत दहा-पंधरा सेकंद गेले तर काहीही बिघडत नाही.

बहुतेक नवशिक्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. पोहण्याचा टप्पा फ्रीस्टाइलनेच पूर्ण केला पाहिजे असा नियम सर्वसाधारणपणे नसतो. दम लागला तर ब्रेस्टस्ट्रोक करा, पाठीवर वळून आकाशाकडे पाहत तरंगा, किंवा बचावासाठी ठेवलेल्या कायाकला (वल्ह्याच्या छोट्या होडीला) अथवा बॉयला धरून विश्रांती घ्या. त्याच्या आधाराने पुढे सरकला नाहीत, तर सहसा त्याला हरकत घेतली जात नाही. मदत हवी असेल तर हात उंच करून हलवा. चार-पाच वेळा तरी खुल्या पाण्यात सराव करून या आणि त्या सरावाला एकट्या कधीही जाऊ नका: सोबत चांगले पोहणारी व्यक्ती हवी, डोक्यावर भडक रंगाची टोपी हवी आणि कमरेला बांधून मागे तरंगणारा फुगा असेल तर फारच उत्तम.

या ठिकाणी एक गंभीर गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. ट्रायथलॉनमध्ये आजवर जे मृत्यू झाले, त्यांतील बहुसंख्य पोहण्याच्या टप्प्यात झाले आहेत आणि त्यांपैकी काहींना आधीपासून हृदयविकार असल्याचे नंतर आढळले. तुम्ही चाळिशीच्या उंबरठ्यावर आहात, म्हणून सराव वाढवण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करून घ्या. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा श्रम करताना तुम्हाला कधी छातीत दुखले, चक्कर आली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाण्यात असताना छातीत दुखू लागले किंवा श्वास लागून खोकला थांबेना, तर तिथेच शर्यत सोडून मदत मागा.

पोहण्यासाठी घ्यायचे ते एवढेच: चेहऱ्याला नीट बसणारा गॉगल आणि अंगासरशी बसणारा पोहण्याचा पोशाख. गॉगल निवडताना पट्टा न लावता तो डोळ्यांवर हलका दाबून बघा. क्षणभर का होईना, तो चिकटून राहिला तर तुमच्या चेहऱ्याला योग्य आहे. टोपी बहुधा आयोजक देतात. वेटसूटची गरज पाण्याच्या तापमानावर ठरते: थंड पाण्यात तो सक्तीचा असू शकतो, कोमट पाण्यात त्याला बंदी असते, त्यामुळे तुमच्या स्पर्धेचा नियम वाचल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. तो लागणार असेल तर शक्यतो भाड्याने घ्या, मात्र ट्रायथलॉनचाच घ्या. त्याची जाडी नियमाने ५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, तो अंगाला तरंगण्यास मदत करतो आणि खांद्याशी लवचिक असतो. पाणबुड्यांच्या सूटमध्ये हात फिरवणेच जड जाते. छातीवर येणारा वेटसूटचा दाब पहिल्यांदा गुदमरवणारा वाटू शकतो, म्हणून स्पर्धेपूर्वी तो घालून दोनदा तरी पोहा आणि मान घासू नये म्हणून तिला आधी वेटसूटला चालणारे वंगण लावा.

अंगावरच्या कपड्यांत एक खरेदी मी सुचवेन: ट्रायसूट. तो घालून पोहता येते, त्याची पातळ गादी सायकलवर पुरते आणि तिच्यासकट धावता येते, त्यामुळे कपडे बदलावे लागत नाहीत. तो नसेल तर पोहण्याच्या पोशाखावर चड्डी आणि टीशर्ट चढवूनही स्पर्धा पूर्ण होते.

धूळ खात पडलेली सायकल झटकून बाहेर काढा. एखाद्या चांगल्या कारागिराकडून ब्रेकचे पॅड, केबल, चेन आणि टायर तपासून घ्या. बरीच वर्षे उभ्या असलेल्या सायकलच्या टायरच्या बाजूला रबराला बारीक भेगा पडलेल्या असतात, आणि तसे असेल तर टायर-ट्यूब बिनदिक्कत बदला. टायर जाड, खाचाखाचांचे असतील तर त्यांऐवजी अरुंद आणि गुळगुळीत टायर बसवा. तुमच्या सायकलवर कमी पैशांत सर्वाधिक वेग देणारा बदल हाच आहे. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचे असलीच पाहिजेत, कारण उघड्या नळीमुळे पडल्यावर इजा होते आणि तपासणीत सायकल नाकारली जाऊ शकते.

सीटची उंची मात्र स्वतः बसून लावा. भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल सर्वांत खाली न्या: पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. सीट बोटभर खाली असली तरी गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला दुखू लागते, आणि लोक त्याचा दोष उगीचच सायकलला देतात. क्लिपचे बूट या वेळी नकोत. ऐन थांबण्याच्या क्षणी पाय न सुटल्याने होणाऱ्या पडझडीची जोखीम पहिल्याच स्पर्धेत घेण्यासारखी नाही, आणि सपाट पेडलवर तुम्ही धावण्याच्याच बुटांत सायकल चालवाल, म्हणजे पुढे बूट बदलण्याचा वेळही वाचेल.

हेल्मेटवर मात्र काटकसर करू नका. ते नवे, मान्यताप्राप्त सुरक्षा मानकाचे आणि डोक्याला हलणार नाही असे हवे. जोडीला एक जादा ट्यूब, टायर रिममधून काढायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर) आणि छोटा पंप सीटखालच्या पिशवीत ठेवा. या तिन्ही वस्तू वापरून मागचे चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव घरी करा. शर्यतीत पंक्चर काढून द्यायला कोणी असेलच असे नाही.

सायकलवर जड गिअर रेटण्याची सवय धावपटूंना चटकन लागते. ती टाळा आणि मिनिटाला पेडलचे ८० ते ९० फेरे होतील असा हलका गिअर निवडा, म्हणजे पुढच्या धावण्यासाठी मांड्या शिल्लक राहतात. सायकलवरून उतरून लगेच धावण्याच्या सरावाला ब्रिक म्हणतात. पहिल्यांदा तो करताना पाय आपले नसल्यासारखे वाटतील, कारण तासभर बसून गोल फिरणाऱ्या स्नायूंना अचानक शरीराचा भार घेऊन लांब ढांग टाकावी लागते. आपण फार हळू धावत आहोत असा भासही होतो आणि प्रत्यक्षात वेग नेहमीपेक्षा जास्त असतो. पहिली पाच-सात मिनिटे आखूड पावलांनी, मुद्दाम सावकाश धावा. सहाव्या आठवड्यापासून आठवड्यातून एकदा, सायकलच्या फेरीनंतर नुसते दहा मिनिटे धावलात तरी दोन महिन्यांत हा परकेपणा बराच कमी होतो. बूट तुमचे नेहमीचेच वापरा; फक्त त्यांना गाठ न मारता ओढून घालता येणाऱ्या लवचिक लेस लावा.

वेळापत्रकाची चिंता समजण्यासारखी आहे, पण आठवड्याला पाच ते सहा तास तुम्हाला पुरतील. धावणे तीनवरून दोनवर आणा; ते तुमचे बलस्थान आहे आणि दोनदा धावूनही टिकून राहील. त्यातून मोकळा झालेला वेळ पोहण्याला द्या, म्हणजे आठवड्यात तीनदा पोहणे, दोनदा धावणे आणि दोनदा सायकल अशी विभागणी होते. पोहण्याच्या खेपा अर्ध्या-पाऊण तासाच्या असल्या तरी चालतील. पोहणे हे कौशल्य असल्यामुळे आठवड्यातून एकदा दोन तास पोहण्यापेक्षा तीनदा थोडे पोहणे अधिक फळते. सायकलची एक खेप कामाच्या दिवशी छोटी ठेवा आणि दुसरी सुट्टीच्या सकाळी लांब करा. ती हळूहळू २५ किलोमीटरपर्यंत न्या. बहुतेक सराव असा असावा की शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. जोराचा सराव आठवड्यातून एकदाच पुरे. दर चौथ्या आठवड्यात एकूण सराव तिसऱ्या हिश्शाने कमी करा. कामामुळे एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका, दुखापती बहुधा अशाच ओढून घेतल्या जातात. काहीतरी सोडावेच लागले तर धावणे सोडा, पोहणे सोडू नका. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा.

दोन टप्प्यांमधली जागा, म्हणजे ट्रान्झिशन, हिचे नियम कडक असतात. पाण्यातून येऊन सायकलपाशी पोहोचलात की आधी हेल्मेट डोक्यावर ठेवून बकल लावायचे आणि मगच सायकलला हात लावायचा. परत आल्यावर सायकल स्टँडला अडकवल्यानंतरच बकल सोडायचे. ओल्या, थरथरत्या बोटांना ते छोटेसे बकल सापडत नाही, म्हणून हेल्मेट हँडलवर उलटे, पट्टे दोन्ही बाजूंना मोकळे सोडून ठेवा आणि घरी हात ओले करून दहा-वीस वेळा लावून बघा. ट्रान्झिशनच्या आत सायकलवर बसायचे नाही. आखलेली रेषा ओलांडल्यावर बसायचे आणि परतताना रेषेच्या आधी उतरायचे. हौशी गटांत दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवण्यास बहुधा मनाई असते, तेव्हा पुढच्या सायकलपासून किमान दहा मीटर अंतर राखा किंवा सरळ मागे टाकून पुढे जा. कानात इअरफोन चालत नाहीत. सकाळी पाण्याच्या बाहेर येण्याच्या वाटेपासून आपली सायकल कितव्या रांगेत आहे ते स्वतः चालत जाऊन मोजून ठेवा, कारण शेकडो सायकलींमध्ये आपली शोधण्यात मिनिटे जातात.

खाण्याचे फार मनावर घेऊ नका. दीड-दोन तासांच्या श्रमाला आदल्या दिवशीचे नेहमीचे जेवण आणि सकाळी दोन-तीन तास आधी केलेला पचायला हलका नाश्ता पुरतो; सायकलवर एक बाटली ठेवा आणि तहान लागेल तसे घोट घोट प्या. सरावात न खाल्लेले काहीही त्या दिवशी खाऊ नका.

राहिला नोंदणीचा निर्णय. आठ आठवड्यांनी स्वतःची परीक्षा घ्या: तलावात न थांबता ४०० मीटर पोहता आले आणि सोबतीसह एकदा खुल्या पाण्यात शांतपणे उतरता आले, तर पुढे जा. तसे झाले नाही तर पोहणे तलावातच असलेली स्पर्धा शोधा, किंवा धावणे-सायकल-धावणे अशा ड्युएथलॉनने सुरुवात करा आणि पोहण्याला आणखी एक मोसम द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पैसे भरण्यापूर्वी आयोजकांकडून चार गोष्टी विचारून घ्या: पोहण्याची वेळमर्यादा किती आहे, पाण्यात बचावासाठी किती होड्या आणि जीवरक्षक असतील, वेटसूटविषयी नियम काय आहे, आणि आठ आठवड्यांनंतर नोंदणी करता येईल का किंवा झालेली नोंदणी पुढे ढकलता येईल का. पहिल्या दोन प्रश्नांना नेमके उत्तर मिळाले नाही, तर ती स्पर्धा सोडून दुसरी निवडा.